वेगमर्यादेची सार्वजनिक नोंदवही : गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांच्या निमित्ताने

रस्त्यावर वाहन किती वेगाने चालवावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः कडेला उभ्या असलेल्या गोल फलकावर शोधले जाते. पांढऱ्या पृष्ठभागावर लाल कडा आणि मध्ये काळा आकडा असलेला हा फलक दिसला की वेगाला मर्यादा आहे आणि तो दिसला नाही की नाही, अशी समजूत वाहनचालकांत इतकी रुजलेली आहे की मर्यादा आणि फलक या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. कायद्याने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. एखाद्या रस्त्याची वेगमर्यादा अस्तित्वात येते ती शासनाच्या किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याच्या अधिसूचनेने, म्हणजे राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या औपचारिक आदेशाने. फलकाचे काम तो आदेश रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचविण्याचे असते. आदेश राजपत्राच्या जुन्या अंकात आणि फलक वळणावरच्या झुडपामागे, अशी दोघांची ताटातूट झाली की त्या रस्त्याची खरी मर्यादा कोणती हे सांगणारा तिसरा दस्तऐवज लागतो. रस्तानिहाय वेगमर्यादांची अशी एकत्रित, कोणालाही पाहता येईल आणि पुरावा म्हणून दाखविता येईल अशी अधिकृत नोंदवही महाराष्ट्रात अद्याप नाही, आणि जंगल, भातशेती व आंतरराज्य वाहतूक यांना एकाच रस्त्यावर आणणाऱ्या गोंदिया जिल्ह्यात तिची उणीव विशेष जाणवते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची व्यवस्था दोन पातळ्यांवर केलेली आहे. पहिल्या पातळीवर केंद्र शासन वाहनांच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरविते. दुसऱ्या पातळीवर राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला प्राधिकारी सार्वजनिक सुरक्षितता, लोकांची सोय, अथवा रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन एखाद्या क्षेत्रासाठी किंवा रस्त्यासाठी वेगळी मर्यादा लावू शकतो, मात्र ती केंद्राच्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या मर्यादेसाठी कलमाने दोन कृती एकत्र सांगितल्या आहेत : राजपत्रात अधिसूचना काढणे आणि कलम ११६ अन्वये योग्य जागी फलक लावणे. जो निर्बंध एका महिन्यापेक्षा अधिक काळ टिकणार नाही त्याला अधिसूचनेची गरज नाही, अशी सवलतही तेथेच दिलेली आहे. पुलाच्या दुरुस्तीसाठी किंवा यात्रेच्या दिवसांसाठी ही सवलत उपयोगी असली, तरी अशा तात्पुरत्या मर्यादेचा मागमूस राजपत्रात राहत नाही, आणि काम संपल्यावर विसरला गेलेला फलक पुढे वर्षानुवर्षे उभा राहिला तर तो वैध की अवैध हे ठरविण्याचे कोणतेही साधन नागरिकाजवळ उरत नाही. १९३९ च्या जुन्या अधिनियमात वेगाचे आकडे खुद्द कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात छापलेले असत, त्यामुळे ते कायद्याच्या पुस्तकातच सापडत. १९८८ च्या कायद्याने ते अधिसूचनांवर सोपविले, ज्यामुळे आकडे बदलणे सोपे झाले आणि शोधणे अवघड झाले.

केंद्राच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १०० आणि नगरपालिका हद्दीतील व इतर सर्व रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा ठरविली. मालवाहू वाहनांसाठी हेच आकडे पहिल्या दोन प्रकारच्या मार्गांवर ८० आणि उरलेल्या रस्त्यांवर ६० असे होते, बसगाड्यांसाठी अनुक्रमे १००, ९० आणि ६०, तर तीनचाकी वाहनांसाठी चौपदरीवरही आणि गावातही ५०. म्हणजे दुभाजक नसलेल्या एकाच दुपदरी रस्त्यावर मोटार, ट्रक आणि रिक्षा यांना तीन वेगवेगळ्या मर्यादा लागू झाल्या, आणि फलकावर मात्र बहुधा एकच आकडा असतो. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द करणारा निर्णय दिला. अशा निर्णयाचा परिणाम कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वाहनाला आणि कोणत्या तारखेपासून होतो हे समजून घ्यायचे, तर न्यायनिर्णय, केंद्राचे राजपत्र, राज्याचे राजपत्र आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अधिसूचना हे सारे शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागते. हे काम वकिलाला कष्टाचे आहे. ट्रकचालकाला आणि त्याला थांबविणाऱ्या पोलीस शिपायाला ते अशक्यच आहे.

रस्त्यांची आज देशभर रूढ असलेली वर्गवारी विदर्भाच्या भूमीवरच आकाराला आली, हे येथे नमूद केले पाहिजे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींमधून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीची मानके ठरविणारी अभियंत्यांची संस्था उभी राहिली, आणि १९४३ मध्ये निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूर येथे जमले तेव्हा 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जाणारा आराखडा तयार झाला, ज्यात राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग अशी उतरंड निश्चित करण्यात आली. गोंदिया तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याचा भाग होता. या वर्गवारीमुळे प्रत्येक रस्त्याला एक प्रकार, एक क्रमांक आणि एक मालक मिळाला. त्याच्या रुंदीची, लांबीची आणि डांबराची नोंद होऊ लागली. त्यावरून कोणी किती वेगाने जावे, हा रकाना मात्र या नोंदींत आला नाही, कारण त्या काळी रस्ता बांधणे हाच मोठा प्रश्न होता आणि त्यावरून धावणारी वाहने थोडी होती.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून सुरतेजवळच्या हजिऱ्याहून नागपूर, रायपूरमार्गे पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा महामार्ग, कोहमारा आणि देवरी ओलांडून छत्तीसगडात शिरतो. बालाघाटकडून येणारा ५४३ क्रमांकाचा महामार्ग गोंदिया, आमगाव, देवरी करीत गडचिरोली जिल्ह्यातील कोरची, कुरखेड्याकडे उतरतो. या मोठ्या मार्गांच्या मधल्या जागेत सार्वजनिक बांधकाम विभागाकडील राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, जिल्हा परिषदेकडील इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग, नगर परिषदा व नगर पंचायतींच्या हद्दीतील रस्ते आणि वन विभागाच्या ताब्यातील जंगलरस्ते यांचे जाळे पसरलेले आहे. गोंदियाहून निघालेले वाहन एखाद्या तासाच्या प्रवासात यांपैकी तीन-चार यंत्रणांच्या हद्दी ओलांडते, तरी चालकाला रस्ता एकच दिसतो. मालकी बदलली म्हणजे फलक लावण्याची आणि त्याची देखभाल करण्याची जबाबदारी बदलते; मर्यादा ठरविण्याचा अधिकार तिसऱ्याच कार्यालयाकडे असतो आणि ती मोडल्यास दंड करण्याचा अधिकार पोलीस व परिवहन विभागाकडे. या चारही यंत्रणांनी पाहावे असे एक पान कोठेही नाही.

कोहमाऱ्याहून सडक अर्जुनी, गोरेगावमार्गे गोंदियाला येणारा रस्ता या प्रश्नाचे गांभीर्य दाखवितो. डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल सलग नाही; नवेगावचा भाग दक्षिणेला आणि नागझिऱ्याचा उत्तरेला, आणि त्यांना जोडणाऱ्या वनपट्ट्यांतून एकीकडे ५३ क्रमांकाचा महामार्ग आणि दुसरीकडे हा कोहमारा–गोंदिया मार्ग जातो. वाघ, बिबटे, रानगवे आणि हरणे एका जंगलातून दुसऱ्यात जाताना ज्या वाटेचा उपयोग करतात तिला वन्यजीव अभ्यासक 'संचारमार्ग' म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात रात्रीच्या वेळी एका मोटारीच्या धडकेने वाघ जबर जखमी झाला आणि उपचारांसाठी नागपूरकडे नेला जात असताना मरण पावला; जखमी अवस्थेत सरपटत रस्त्याबाहेर जाणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यानंतर सव्वा वर्षाने, २९ नोव्हेंबर २०२४ रोजी, गोंदियाकडे येणारी शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा–खजरी परिसरात वळणावर उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. समोर आलेल्या दुचाकीस्वाराला वाचविण्याच्या प्रयत्नात बसवरील ताबा सुटल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. या दोन घटनांची कारणे सारखी नाहीत आणि त्यांचा दोष कोणा एकावर ठेवण्याचे हे स्थळही नाही. पण दोन्ही घटनांनंतर 'येथे वेग किती असायला हवा होता' हा प्रश्न उपस्थित झाला, आणि त्या विशिष्ट किलोमीटरमधली कायदेशीर मर्यादा, ती कधी ठरली, कोणत्या कारणाने ठरली आणि फलक कोठे होता, याचे उत्तर एखाद्या नागरिकाला घरबसल्या मिळण्याची सोय तेव्हाही नव्हती.

वनपट्ट्यात फलक नसतात असे नाही. 'वन्यप्राण्यांचा मार्ग, वाहने सावकाश हाका' अशा आशयाचे फलक जिल्ह्यात जागोजागी दिसतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण वाहतूक चिन्हांच्या शास्त्रात तीन प्रकार मानले जातात : गोल चिन्हे आदेश देतात आणि ती मोडणे हा गुन्हा असतो, त्रिकोणी चिन्हे धोक्याची पूर्वसूचना देतात, आणि आयताकृती फलक माहिती पुरवितात. 'सावकाश' या शब्दाला आकडा नसल्यामुळे तो मोडला गेला की नाही हे कोणत्याही यंत्राला मोजता येत नाही. ज्या जागी वाघाचा किंवा शाळकरी मुलाचा जीव वेगावर अवलंबून आहे तेथे आकड्याशिवाय केलेली विनंती अपुरी पडते.

वेग आणि हानी यांचे नाते साधे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकते. चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो, आणि त्या अवधीत वाहन तेवढे अंतर पूर्ण वेगानेच कापते. त्यापुढचे, प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४० ऐवजी ८० चा वेग असेल तर ते दुप्पट न होता चौपट होते, आणि धडकेतील ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू 'अतिवेग' या कारणाखाली नोंदले गेले. हा आकडा वारंवार उद्धृत होतो, परंतु अतिवेग ही सापेक्ष संज्ञा आहे. कोणत्या मर्यादेपेक्षा अति, हे त्या जागेच्या अधिकृत नोंदीशी ताडून पाहता येत नसेल, तर या रकान्यात चालकाची चूक, रस्त्याची सदोष आखणी आणि मुळातच जास्त ठेवलेली मर्यादा हे सर्व एकत्र मिसळले जाते आणि उपाय कोठे करायचा हे उमगत नाही.

मर्यादा ठरते कशी, याविषयीही सामान्य वाचकाला फारसे सांगितले जात नाही. रस्त्याची आखणी करताना अभियंता वळणांची त्रिज्या, चढ-उतार आणि समोरचे किती अंतर दिसेल यांवरून एक 'संकल्पित वेग' धरतो. चालकाला परवानगी असलेला वेग त्याहून कमी ठेवला जातो. समृद्धी महामार्गाचा संकल्पित वेग ताशी १५० किलोमीटर असून मोटारींना अनुज्ञेय वेग १२० आहे. अस्तित्वातील रस्त्यावर मर्यादा ठरविताना दुसरी एक रीत वापरली जाते : मोकळ्या वाहतुकीत अनेक वाहनांचे वेग मोजून, शंभरांपैकी पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत राहतात तो वेग आधारभूत मानायचा. बहुसंख्य चालक सुजाण असतात या गृहीतकावर ही रीत उभी आहे. तीत मोजणीत न धरलेल्यांचा, म्हणजे कडेने चालणाऱ्यांचा, आठवडी बाजारातून डोक्यावर ओझे घेऊन परतणाऱ्या बायांचा, हंगामात धान खरेदी केंद्राकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा आणि रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांचा विचार येत नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात केवळ या रीतीवर विसंबून मर्यादा ठरविणे चुकीचे आहे, आणि म्हणूनच मर्यादेबरोबर तिचे कारणही नोंदले गेले पाहिजे. कारण लिहावे लागले की ते तपासता येते.

मर्यादेची नोंद नसण्याचा तोटा दंड भरणाऱ्यालाच होतो असे नाही. दंड करणाऱ्या यंत्रणेचीही बाजू त्यामुळे लंगडी पडते. कलम १८३ नुसार मर्यादा ओलांडणाऱ्या हलक्या वाहनाच्या चालकाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाच्या चालकाला २,००० ते ४,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि केवळ एका साक्षीदाराला वाटले म्हणून, यंत्राने मोजल्याशिवाय, कोणालाही दोषी ठरविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ अन्वये इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद झाली आणि २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७ अ ने अशा यंत्रांना प्रमाणपत्र असावे, त्यांच्या टप्प्याआधी सूचनाफलक असावा आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असे बंधन घातले. वेग मोजणारे यंत्र प्रमाणित, छायाचित्र प्रमाणित, तारीख-वेळ प्रमाणित. मात्र ज्या मर्यादेशी तो वेग ताडायचा तिचा आकडा यंत्रात कोणी, कोणत्या आधारावर भरला, हे पाहण्याची सोय नाही. ई-चलान मिळालेल्या माणसाने त्याबद्दल शंका घेतली तर त्याला उत्तर देणारा निर्विवाद कागद पोलिसांकडेही हवा. वाटाड्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या मोबाइलवरील नकाशांत दिसणारे वेगमर्यादेचे आकडे खासगी कंपन्यांनी आपापल्या परीने गोळा केलेले असतात. ते बरोबर की चूक हे ठरविणारा मूळ अधिकृत संच उपलब्ध नसल्यामुळे चुकीचा आकडाही बिनविरोध फिरत राहतो.

महाराष्ट्रातील वाचकाला अशा नोंदवहीची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण जमिनीच्या बाबतीत ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात आहे. सातबारा उतारा आजची स्थिती सांगतो आणि फेरफार नोंदवही ती स्थिती कोणत्या व्यवहाराने, कोणत्या तारखेला बदलली हे सांगते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ती स्वतंत्र नोंदली जाते आणि मगच अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वेगमर्यादेच्या नोंदवहीलाही याच दोन अंगांची गरज आहे. मुरदोलीच्या वनपट्ट्याचे उदाहरण घेतले, तर तेथील नोंदीत रस्त्याचा क्रमांक, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत ती लागू आहे आणि त्या दोन टोकांचे अक्षांश-रेखांश, वाहनाच्या प्रत्येक प्रकारासाठी दिवसाची आणि रात्रीची मर्यादा, ती ठरविणारा प्राधिकारी, अधिसूचनेचा क्रमांक व राजपत्राची तारीख, लागू होण्याचा दिवस, वन्यप्राण्यांचा संचारमार्ग हे कारण, आणि दोन्ही दिशांच्या फलकांच्या जागा एवढे असले पाहिजे. शिवाय आधीची मर्यादा काय होती आणि ती का बदलली हेही पुसले न जाता खाली दिसले पाहिजे. जुनी नोंद जपण्याला येथे फार मोल आहे, कारण अपघाताचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा काही वर्षांनी चालतो आणि तेव्हा प्रश्न आजच्या मर्यादेचा नसतो, अपघाताच्या रात्रीच्या मर्यादेचा असतो.

अशा नोंदवहीसाठी लागणारे बरेचसे साहित्य शासनाकडे विखुरलेल्या रूपात आहेच. ग्रामपंचायतीला आपल्या ताब्यातील रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये ठेवावी लागते. बांधकाम विभागाकडे रस्ते विकास योजनेनुसार क्रमांक दिलेल्या मार्गांच्या याद्या असतात. आणि आयआयटी मद्रास व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या, सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश असलेल्या 'आयरॅड' या प्रणालीत पोलीस अपघाताची नोंद स्थळनिर्देशासह करतात. रस्त्यांच्या याद्या आणि अपघातांच्या नोंदी यांच्यामध्ये मर्यादेचा दुवा बसविला, तर कोणत्या वळणावर मर्यादा असूनही माणसे मरतात आणि कोणत्या वळणावर ती कधी ठरविलीच गेली नाही, हे वेगळे काढता येईल. पहिल्या जागी पोलीस बंदोबस्त, गतिरोधक किंवा रस्त्याची फेरआखणी हवी. दुसऱ्या जागी आधी अधिसूचना हवी.

हा प्रयोग एका संपूर्ण देशाने करून पाहिला आहे. न्यूझीलंडमध्ये पूर्वी प्रत्येक स्थानिक परिषद आपापल्या उपविधीने वेगमर्यादा ठरवीत असे आणि तिची नोंदही आपल्यापाशी ठेवीत असे, त्यामुळे शेजारच्या दोन परिषदांच्या सीमेवर गोंधळ होई. मे २०२२ मध्ये लागू झालेल्या नियमाने तेथे राष्ट्रीय वेगमर्यादा नोंदवही स्थापन झाली. राष्ट्रीय परिवहन संस्था 'वाका कोटाही' तिची निबंधक आहे, रस्त्याची मालक यंत्रणा प्रस्ताव दाखल करते, आणि नोंद झाल्यावरच, नोंदीत दिलेल्या तारखेपासून, मर्यादा कायदेशीर ठरते. नकाशाच्या रूपातील ही नोंदवही कोणालाही उघडून पाहता येते. तेथील सरकार पुढे बदलले, मर्यादा कमी ठेवाव्यात की वाढवाव्यात यावर तीव्र राजकीय मतभेद झाले आणि २०२४ मध्ये मूळ नियमही बदलला गेला, तरी नोंदवही टिकली. आकडा कोणताही असो, तो सर्वांना एका जागी दिसला पाहिजे यावर दोन्ही पक्षांना वाद घालण्याचे कारण उरले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ब्रिटनने २०२४ च्या स्वयंचलित वाहन कायद्यात वाहतूक नियमनाचे आदेश ठरावीक अंकीय स्वरूपात पुरविण्याची तरतूद केली, आणि युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाला मर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा कॅमेऱ्याने फलक वाचते किंवा नकाशातील आकडा घेते. फलक पुसट आणि नकाशा अविश्वसनीय असेल तेथे महागडी मोटारही चालकाला चुकीचा सल्ला देणार.

भारतातील सध्याच्या कायद्यानुसार नोंदवहीतील नोंद राजपत्राची जागा घेऊ शकणार नाही, कारण कलम ११२ ला अधिसूचना आणि फलक दोन्ही हवे आहेत. न्यूझीलंडप्रमाणे नोंदीलाच कायद्याचे बळ द्यायचे तर संसदेला कलमात दुरुस्ती करावी लागेल. परंतु तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध करून शक्य तितके संगणकीकृत करण्याचे आणि निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना सांगण्याचे कर्तव्य टाकले आहे, आणि ते कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता पार पाडायचे आहे. वेगमर्यादेची अधिसूचना ही या कर्तव्याबाहेरची बाब नाही. सर्वोच्च न्यायालयाने एस. राजसीकरन यांच्या याचिकेत ३० नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या आदेशांनंतर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असणे अपेक्षित आहे, आणि पोलीस, परिवहन, बांधकाम व आरोग्य ही खाती तीत एकत्र बसतात. वन विभाग आणि जिल्हा परिषद यांना सोबत घेऊन हीच समिती जिल्ह्याच्या नोंदवहीची पहिली प्रत तयार करू शकते. या कामाला फार पैसा लागत नाही. लागतो तो एक पक्का नमुना, एक उत्तरदायी अधिकारी आणि प्रत्येक रस्त्यावरून एकदा चालत-थांबत जाऊन फलकांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा चिकाटीचा उद्योग.

नोंदवही शिळी होण्याचा धोका खरा आहे. जमिनीच्या कागदातही मालकीची नोंद जपली गेली, पण पिकाचा रकाना अनेकदा जुनाच राहिला, म्हणून २०२१ मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी सुरू करून शेतकऱ्यालाच आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करण्याची मुभा देण्यात आली. पडलेला, चोरीला गेलेला, वेलींनी झाकलेला किंवा रुंदीकरणात उखडला गेलेला फलक सर्वांत आधी त्या गावच्या लोकांना दिसतो. छायाचित्रासह तशी सूचना देण्याची सोय नोंदवहीत असावी, पण आकडा बदलण्याचा अधिकार मात्र प्राधिकाऱ्याकडेच राहावा. नवी मर्यादा प्रस्तावित करताना ग्रामसभेपुढे ती ठेवली जावी, कारण शाळा सुटण्याची वेळ, बाजाराचा दिवस, पहाटेचे धुके आणि कापणीनंतर रस्त्याच्या कडेला धान वाळविण्याची रीत यांची माहिती कोणत्याही मोजणीयंत्रापेक्षा गावाला अधिक असते.

प्रारंभ सर्व रस्त्यांपासून एकाच वेळी होणार नाही आणि तसा आग्रहही नसावा. कोहमारा–गोंदिया मार्ग, महामार्ग ५३ वरील देवरीपर्यंतचा वनपट्टा आणि घाटाचा भाग, आणि तिरोडा, आमगाव व गोंदिया या गजबजलेल्या गावांतून जाणारे मार्ग यांची नोंद प्रथम व्हावी, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या रस्त्यांवरील शाळा व आरोग्य केंद्रांच्या जागा घ्याव्यात. नागपूरहून गोंदियाकडे येणारा द्रुतगती महामार्ग नियोजनात आहे. तो वाहतुकीला खुला होईल तेव्हा त्याच्या उतारावरून ताशी शंभरच्या पुढे धावण्याची सवय लागलेली वाहने साध्या दुपदरी रस्त्यांवर उतरतील, म्हणून त्या जोडरस्त्यांच्या मर्यादा आधीच ठरून नोंदल्या जाणे आवश्यक आहे. देवरीकडून छत्तीसगडात आणि रावणवाडीवरून वाघ नदीपलीकडे मध्य प्रदेशात जाणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने कायदा तोच राहतो, अधिसूचना काढणारे राज्य मात्र बदलते. त्यामुळे नोंदीचा नमुना ठरविताना बालाघाट आणि राजनांदगाव जिल्ह्यांच्या प्रशासनाला सुरुवातीलाच विश्वासात घेतले, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी पुढे एकमेकींना जोडता येतील आणि तेच काम तिन्ही राज्यांत पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही.